दुसऱ्या मशीनची केबल

माझ्या नवऱ्याचा कॉम्प्युटर तो गेल्यानंतर पावणेदोन वर्षं दुर्गजवळ, वैशाली नगरच्या आमच्या घरात, मागच्या खोलीत, फुलाफुलांच्या चादरीखाली उभा होता. प्लग भिंतीतून काढलेला होता आणि त्याला सुतळीने एक पुठ्ठा बांधलेला होता. पुठ्ठ्यावर सासऱ्यांच्या अक्षरात, निळ्या मार्करने, हिंदीत लिहिलं होतं, 'काम चालू है. स्विच न लगाएं.' काम कुठलंच चालू नव्हतं. पण कारखान्यात चाळीस वर्षं इलेक्ट्रिशियनचं काम केलेल्या माणसाने बांधलेला पुठ्ठा सोडण्याची माझी हिंमत झाली नाही.

घरात आम्ही दोघंच उरलो होतो, सासरे आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. मूलबाळ आम्हाला झालं नाही. माझा भाऊ गोंदियाहून दोनदा मला न्यायला आला आणि दोन्ही वेळा मी त्याला म्हटलं, पुढच्या महिन्यात पाहू. स्मृति नगरमधल्या एका दातांच्या दवाखान्यात मी सकाळी नऊ ते दोन बसते, पेशंटची नावं लिहून घेते, वेळा देते. नोकरी सोडून कशी येऊ, असं भावाला सांगायची. खरं कारण वेगळं होतं. मी कामावर असताना बाबा, म्हणजे सासरे, त्या खोलीत काय करत बसतात ते मला ठाऊक नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय माझा पाय तिथून निघत नव्हता.

नवरा लग्नांचे व्हिडिओ करायचा. शूटिंग स्वतः, एडिटिंगही स्वतः. सीझनमध्ये दुर्ग, राजनांदगाव, बेमेतरा असा फिरायचा आणि मग महिना-महिना मागच्या खोलीत स्क्रीनसमोर. तो कॉम्प्युटर त्याने विकत आणलेला नव्हता, जमवलेला होता. दर वर्षी त्यात काहीतरी बदलायचं. एकदा मोठं ग्राफिक कार्ड आणलं तर ते डब्यात मावेना, म्हणून हथखोजच्या कारखान्यांच्या भागातल्या एका वर्कशॉपमधून पत्रा कापून, वाकवून त्याने नवीन डबाच करून घेतला. एका बाजूला जाळी, तीन पंखे. दिसायला कूलरसारखा आणि वजनाला तसाच. मी त्याला हसायची. तो म्हणायचा, शकल मत देख, काम देख.

काहीही बदललं की तो स्विच लावण्याआधी बाबांना हाक मारायचा. 'बाबा, शटडाउन घेतलाय, येता का?' बाबा समोरच्या खोलीतून चष्मा, टॉर्च आणि चामड्याच्या पिशवीतलं त्यांचं जुनं मीटर घेऊन यायचे. कॉम्प्युटरमधलं त्यांना काही कळत नव्हतं, पण लाइन कळायची. भिंतीच्या प्लगपासून सुरुवात करून ते एकेक केबल बोटाने धरत आत जायचे. कुठून निघाली, कुठे गेली, दोन्ही टोकं पूर्ण बसली का. प्रत्येक टोक हलकं ओढून बघायचे. कुठली तार पंख्याच्या पात्याजवळ आली असेल तर ती बांधायला लावायचे. कुठला रंग किती व्होल्टचा ते नवऱ्याने त्यांना शिकवलं होतं, पिवळी बारा, लाल पाच, काळी अर्थिंगची. पाच व्होल्ट ऐकून ते पहिल्यांदा हसले होते. याले करंट म्हनते का, असं विचारलं होतं. पण तपासायचे मात्र चारशे चाळीसची लाइन असल्यासारखं. पंधरा-वीस मिनिटं जायची. मी पलंगावर चहा घेऊन बसलेली असायची. शेवटी बाबा मागे सरकून म्हणायचे, लाव. मगच नवरा बटण दाबायचा.

बाबा असं का करतात ते मला लग्नानंतर वर्षभराने नवऱ्याकडून कळलं. बाबांचे भाऊ रेल्वेत लागले, बाबांना ते जमलं नाही, म्हणून भंडाऱ्याहून येऊन ते हथखोजच्या एका लहान रोलिंग मिलमध्ये लागले. तिथे एकदा एक फिटर मशीनच्या खाली ग्रीस भरत होता. बाबा दूर पॅनलपाशी होते. त्यांनी ओरडून विचारलं, हो गया? पलीकडून कोणीतरी म्हणालं, हो गया. ते उत्तर दुसऱ्याच माणसाने दुसऱ्याच कुणाला दिलेलं होतं. बाबांनी स्विच लावला. फिटर जागीच गेला. बाबांवर कुणी बोट ठेवलं नाही, चौकशीत गैरसमज म्हणून लिहिलं गेलं. पण त्यानंतर बाबांनी दुसऱ्याच्या तोंडच्या शब्दावर कधी स्विच लावला नाही. स्वतः जाऊन, वाकून, डोळ्यांनी पाहायचे. घरात मिक्सर लावतानाही आधी त्याचं भांडं हलवून बघायचे. नवऱ्याने हे मला सांगितलं आणि म्हणाला, त्यांच्यासमोर कधी विषय काढू नको. मी कधी काढला नाही.

नवरा गेला तो मार्चमधला एक मंगळवार होता. मी दवाखान्यात होते. दुपारी साडेबाराला शेजाऱ्यांचा फोन आला. दुर्गहून परत येताना जी. ई. रोडवर त्याच्या मोटरसायकलला ट्रकने धडक दिली होती. सकाळी मी निघाले तेव्हा तो मागच्या खोलीत डबा उघडून बसला होता. कुठे जायचं असं काही बोलला नव्हता. तो दुर्गला कशाला गेला होता, हे मी त्या दिवसांत दोघा-तिघांना विचारलं. बाबांनाही विचारलं. त्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. पुढे मी विचारायचं सोडलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर डब्यावर चादर होती आणि प्लगला पुठ्ठा.

मग ते आवाज सुरू झाले. मी हे कुणाला सांगितलेलं नाही. दुपारी जेवून मी आडवी व्हायची, आणि डोळा लागतो न लागतो तोच मागच्या खोलीतून पंख्यांची घरघर ऐकू यायची. छताच्या पंख्याची नाही, त्या तीन लहान पंख्यांची. पंधरा वर्षं ऐकलेला आवाज. आधी हलकी शिटी, मग घरघर, मग एकसारखा सूर. मी उठून जायची. प्लग जमिनीवर, पुठ्ठा प्लगला. आवाज बंद झालेला असायचा. एकदा मी चादरीखाली हात घालून डब्याचा पत्रा चाचपून पाहिला, गरम आहे का म्हणून. गार होता. पण मला हात लगेच काढून घेता आला नाही.

कधी मी उठून गेले की बाबा आधीच दारात उभे असायचे. ते आत बघत असायचे, कान देऊन. मला पाहिलं की बाजूला होऊन पाणी प्यायला निघून जायचे. त्यांनाही ऐकू येत होतं की ते माझ्या चाहुलीने उठून येत होते, मी विचारलं नाही. एकाच घरात दोन माणसं एकाच आवाजाने उठत असतील, तर ते बोलून दाखवल्यावर त्या घरात राहणं कठीण झालं असतं.

हे असंच चाललं असतं. पण दुसऱ्या दिवाळीनंतर एक बाई आमच्या दारात आली. सुपेल्याकडची, छत्तीसगढी, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. तिच्या लग्नाचं शूटिंग माझ्या नवऱ्याने केलं होतं, आणि व्हिडिओ हातात पडायच्या आधीच तो गेला होता. ती याआधीही दोनदा येऊन गेली होती. पहिल्यांदा घरातली परिस्थिती पाहून न बोलताच परतली, दुसऱ्यांदा मी तिला सांगितलं की मशीन बंद आहे. या वेळी ती आत येऊन खुर्चीवर बसली. तिचे वडील पावसाळ्यात वारले होते. घरात त्यांचा पासपोर्ट साइजचा फोटो आहे, बाकी काही नाही. फोन त्यांनी कधी वापरला नाही, फोटो काढू दिला नाही. फक्त लग्नाच्या दिवशी ते कॅमेऱ्यासमोर उभे राहिले होते.

'बाबूजी उसी में हैं दीदी,' ती म्हणाली. 'चलते-बोलते. और कहीं नहीं हैं.'

मी म्हटलं, आठ दिवस दे.

त्या संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. ते पोळीचा तुकडा हातात धरून बसले होते. मी म्हटलं, कुणी माहितगार माणूस आणू, हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावू. ते म्हणाले, कोनी हात लावाचा नाही. मी म्हटलं, मग तुम्ही तपासा, आपण दोघं मिळून सुरू करू. ते ताटावरून उठले. त्यांना मी रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं, तेव्हाही तो राग नव्हता. दारात थांबून ते म्हणाले, 'मले नको सांगू, बाई. ते मशीन मले नको सांगू.'

आठवड्यातले पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी बाबा पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेले. तिथे रांग असते, दोन-तीन तास सहज लागतात. मी दवाखान्यातून लवकर निघून आले, मागच्या खोलीत जाऊन चादर काढली आणि डब्याची जाळी असलेली बाजू उघडली.

आत सगळं जसं त्याने सोडलं होतं तसं होतं. धूळही फारशी नव्हती. आतला एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना वाटून देणारा तो लोखंडी डबा, नवा दिसत होता. त्याने तेवढ्यातच बदलला असावा. जुना बाजूला टेबलावर पडला होता. नव्याच्या मागे सॉकेट होती आणि त्यांतून केबल निघून मदरबोर्डला, ग्राफिक कार्डला गेलेल्या होत्या. इतकी वर्षं बाबांना बघत होते, म्हणून मीही प्लगपासून सुरुवात केली. एकेक केबल बोटाने धरली. ओढून पाहिली. सगळं घट्ट होतं. फक्त हार्ड डिस्कला डेटाची बारीक केबल लावलेली होती, विजेची नव्हती. आणि विजेची केबल टेबलावर, जुन्या एसएमपीएसजवळ, नीट गुंडाळून ठेवलेली होती. मला वाटलं, एवढंच लावायचं राहून गेलं.

मी ती उचलली. तिचं एक टोक नव्या एसएमपीएसच्या रिकाम्या सॉकेटमध्ये घातलं. टक् असा आवाज होऊन ते अगदी बरोबर बसलं. दुसरं टोक हार्ड डिस्कला लावलं. तेही बसलं. मग मी प्लग उचलला आणि सुतळी सोडायला लागले. गाठ पक्की होती, नखांनी सुटेना. मी कात्री आणायला वळले तर दारात बाबा उभे होते. बँकेतलं अंगठ्याचं मशीन बंद होतं म्हणून ते परत आले होते.

ते काही ओरडले नाहीत. जवळ आले, माझ्या हातातून प्लग घेतला आणि तो मुठीत घट्ट धरून डब्यासमोर जमिनीवर बसले. टॉर्च नव्हती, डोळे बारीक करून त्यांनी आत पाहिलं. मग हात घालून मी लावलेली केबल दोन्ही टोकांनी काढली.

'हे कोनी लावली?'

मी म्हटलं, मी लावली. बसली बरोबर.

'त्यानंही हेच म्हनलं होतं,' ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. आमच्या घरात पावणेदोन वर्षं जे कुणी बोललं नव्हतं ते त्यांनी जमिनीवर बसून, माझ्याकडे न बघता सांगितलं. त्या मंगळवारी सकाळी नवऱ्याने त्यांना हाक मारली होती. नवा एसएमपीएस त्याने दुर्गच्या एका दुकानातून जुन्यात घेतला होता आणि त्याच्याबरोबर हार्ड डिस्कची केबल आली नव्हती. म्हणून त्याने जुन्या एसएमपीएसची केबल नव्याला लावली. बसत होती. बाबांनी ती ओढून पाहिली, दोन्ही टोकं पाहिली आणि विचारलं, ही कोणत्या मशीनची. तो म्हणाला, जुनीची, पण फिट आहे. बाबा म्हणाले, सॉकेट बसलं म्हणजे लाइन जुळली असं नाही, दुसऱ्या मशीनची केबल याला लावू नको. त्याने एकदा समजावलं, दोनदा समजावलं. एक क्षण तो बटण दाबणारच होता. बाबांनी त्याचं मनगट धरलं. मग तो हसला, केबल काढून गुंडाळून ठेवली आणि म्हणाला, ठीक आहे, दुर्गहून ओरिजिनल घेऊन येतो, अर्ध्या तासात आलो.

'म्या पाठवलं त्याले,' बाबा म्हणाले. 'तो जाऊन नव्हता राहिला. म्या पाठवलं.'

मी त्यांच्याजवळ खाली बसले. बाहेर भंगारवाल्याची हाक दूर जात होती. मी विचारलं, मग ती केबल खरंच चूक होती का.

ते म्हणाले, त्यांनी कधी तपासली नाही. तेराव्यानंतर मीटर घेऊन बसले होते. तपासणं सोपं होतं. पण जमलं नाही. त्यानंतर रोज मी कामावर गेले की ते या खोलीत यायचे, मीटर पिशवीतून काढायचे आणि परत ठेवायचे.

'कावून नाही तपासली, बाबा?'

'बरोबर निघाली तं?'

ते इतकंच म्हणाले, आणि मला सगळं कळलं. ती केबल चालण्याजोगी असती, तर त्यांनी मुलाला काहीच कारण नसताना रस्त्यावर पाठवलं होतं. पुठ्ठ्यावर लिहिलेलं काम हे होतं. ते पावणेदोन वर्षं चालू होतं.

मी म्हटलं, आपण पाहू. आता मी आहे. ते नको म्हणाले. मी म्हटलं, त्या बाईचे वडील यात आहेत, आज नाही तर उद्या कुणीतरी हे उघडणारच, आणि तुम्हाला न कळताच उघडेल. त्यांनी मुठीतला प्लग खाली ठेवला. मग उठून समोरच्या खोलीत गेले. परत आले तेव्हा हातात चष्मा, टॉर्च आणि चामड्याची पिशवी होती.

त्यांनी सगळं पद्धतशीर केलं. एसएमपीएसच्या सगळ्या केबल मशीनपासून सोडवल्या, म्हणजे काही झालं तरी आत धक्का नको. जुनी केबल फक्त एका टोकाने नव्या एसएमपीएसला लावली, दुसरं टोक मोकळं, लाकडी पाटावर ठेवलं. मोठ्या कनेक्टरमधली हिरवी तार आणि काळी तार पेपर क्लिपने जोडली. नवऱ्यानेच त्यांना दाखवलं होतं, असं केलं की एसएमपीएस मशीनशिवाय सुरू होतो. सुतळीची गाठ त्यांनी दातांनी सोडली. पुठ्ठा घडी करून बाजूला ठेवला, प्लग भिंतीत बसवला. मग मला म्हणाले, तू स्विच लाव, माझे हात इकडे आहेत. मी स्विचपाशी उभी राहिले. त्यांनी आपली बोटं कुठे आहेत ते पाहिलं, माझी बोटं कुठे आहेत ते पाहिलं. मला म्हणाले, 'तोंडानं नको सांगू. मले पाह्य, मग लाव.' मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी स्विच लावला.

एसएमपीएसचा पंखा फिरायला लागला. हलकी शिटी आणि मग सूर. तो आवाज खरा होता, तरी मी वाकून प्लग भिंतीत आहे ना ते पाहिलं.

बाबांनी मीटरचं एक टोक काळ्या तारेवर धरलं आणि दुसरं लाल तारेवर. लाल म्हणजे पाच. मीटरच्या काचेत आकडा दोनदा हलला आणि थांबला. बारा. त्यांनी टोकं उचलली, पुसली, परत लावली. बारा. पिवळ्या तारेवर पाहिलं, तिथे काहीच नव्हतं. म्हणजे आत लाइनच उलटसुलट होती. पाचच्या जागी बारा गेले असते आणि डिस्क त्याच क्षणी जळाली असती, त्याच्या सगळ्या कामासकट, त्या बाईच्या वडलांसकट.

मी स्विच बंद केला. मला रडू आलं, खरं म्हणजे सुटका झाल्यासारखं. मी म्हटलं, बाबा, तुमचं बरोबर होतं. तुम्ही थांबवलं ते बरोबर होतं.

त्यांनी मीटर पिशवीत ठेवलं. पिशवीचं बटण लावलं. मग म्हणाले, 'डिस्कच जळाली असती ना, बाई. डिस्कच.'

मला वाटलं होतं, आकडा दिसला की त्यांच्या मनावरचं उतरेल. पण तसं काही झालं नाही. इतकी वर्षं ते तपासत होते ते माणूस मरू नये म्हणून, आणि इथे त्यांनी वाचवली ती एक डिस्क. मी त्यांच्यासाठी पाणी आणलं, त्यांनी ते हातात धरून ठेवलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी त्या फिटरचा उल्लेख केला. नाव नाही घेतलं. एवढंच म्हणाले की तेव्हा न पाहता स्विच लावला, आणि आता पाहिलं. दोन्ही खेपेला माणूस गेला. मग करायचं काय असते माणसानं, असं त्यांनी विचारलं. मी त्यांच्या हातातला पाण्याचा पेला काढून बाजूला ठेवला.

नवऱ्याची पाठीवरची बॅग पोलिसांनी परत दिली होती. ती कपाटाच्या वरच्या खणात होती, मी ती कधी उघडली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती खाली काढली. आत रेनकोट, चार्जर आणि तपकिरी कागदाच्या पाकिटात ती केबल. पाकीट एका कोपऱ्यात चुरगळलं होतं, केबलला काही झालेलं नव्हतं. मी ती बाबांसमोर ठेवली. त्यांनी ती मीटरवर पाहिली. लाल पाच, पिवळी बारा.

मग आम्ही दोघांनी मिळून मशीन परत जोडलं. मी टॉर्च धरली, ते तपासत गेले. मदरबोर्डची मोठी केबल, टक् होईपर्यंत. प्रोसेसरजवळची लहान. ग्राफिक कार्डच्या दोन. डिस्कची वीज, डिस्कचा डेटा. तीन पंख्यांच्या तारा, पात्यांपासून दूर बांधलेल्या. प्रत्येक टोक त्यांनी ओढून पाहिलं आणि मग मला ओढायला लावलं. शेवटी मागे सरकले आणि म्हणाले, लाव.

पंखे फिरले. दिवे लागले. स्क्रीन मात्र काळीच. आम्ही दोघं घाबरून एकमेकांकडे बघत राहिलो. मग माझ्या लक्षात आलं की स्क्रीनची केबल मी घाईत मदरबोर्डला लावली होती, ती ग्राफिक कार्डला हवी. बंद करून बदलली. या वेळी पांढरी अक्षरं आली. आतला बटणासारखा सेल संपला होता, म्हणून मशीन कित्येक वर्षं मागची तारीख दाखवत होतं, आमच्या लग्नाच्याही आधीची. ती बरोबर करता येते, मी नंतर केली. पण त्या दिवशी नाही केली.

त्या लग्नाचं फोल्डर सापडायला वेळ लागला नाही. नवरा टापटिपीचा होता, गाव आणि आडनाव लिहून ठेवायचा. मी एक फाइल उघडली. मंडपाच्या दाराशी पिवळ्या फेट्यातला एक म्हातारा उभा होता, हात कुठे ठेवावे ते न कळून. आणि कॅमेऱ्यामागून माझा नवरा म्हणाला, 'काका, थोडा इधर. हाँ. बस ऐसे ही.'

मी थांबवू शकले नाही. म्हाताऱ्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि हळूच हसला, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे पाहून हसला. कॅमेऱ्यामागे श्वास ऐकू येत होता. बाबा माझ्या मागे उभे होते. फाइल संपली. ते म्हणाले, परत लाव. मी परत लावली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा मागे वळून पाहिलं तर ते निघून गेले होते.

ती बाई रविवारी तिच्या नवऱ्याबरोबर आली. मी जसं होतं तसं सगळं पेनड्राइव्हवर देऊन टाकलं, एडिटिंग मला येत नाही असं सांगितलं. तिने आमच्याच स्क्रीनवर वडलांना पाहिलं, पदर तोंडाला लावून. जाताना बाबांच्या पाया पडली. ठेठरीचा, म्हणजे बेसनाच्या कडबोळ्यांसारख्या खाऊचा, डबा ठेवून गेली. डबा परत द्यायला मी तिच्याकडे गेले तेव्हा ती म्हणाली की तिची आई रोज दुपारी तेच लावायला सांगते.

त्यानंतर मला वाटलं होतं की दुपारचे ते आवाज थांबतील. थांबले नाहीत. फरक एवढाच की आता मी उठून गेले तर कधी मशीन खरंच चालू असतं आणि बाबा स्क्रीनसमोर बसलेले असतात. ते कुठली तरी अनोळखी लग्नं लावतात, आवाज मोठा ठेवतात आणि चित्राकडे बघत नाहीत. कॅमेऱ्यामागून कोणी बोलेल त्याची वाट बघतात.

फेब्रुवारीत एका सकाळी ते मला म्हणाले, ती जागा मला दाखव. ते तिथे कधी गेले नव्हते. दुर्गला जायचं असलं तरी रेल्वेने जायचे. मी त्यांना स्कूटीवर मागे बसवून जी. ई. रोडने नेलं. जिथे दुभाजक तुटलेला आहे आणि गाड्या वळतात, तिथे थांबवली. मला ती जागा पोलिसांनी दाखवली होती. बाबा उतरले. उसाच्या रसाची गाडी उभी होती, त्या माणसाला त्यांनी विचारलं, इथे किती दिवसांपासून आहेस. तो म्हणाला, छह महीने. म्हणजे त्याला काही ठाऊक असण्याचा प्रश्न नव्हता. बाबा रस्त्याच्या कडेला उभं राहून ट्रक बघत राहिले. एक गेला, दुसरा गेला. ते कुठे वळतात, कुठे थांबतात, ते त्यांनी डांबरापासून दुभाजकापर्यंत नीट पाहून घेतलं, अगदी वाकून. वीस मिनिटं तरी झाली असतील.

मग ते माझ्याजवळ आले.

'इथं नाही तो,' ते म्हणाले. 'म्या पाहिलं.'

मी हो म्हटलं. मी स्कूटी सुरू केली. घरी पोचलो तेव्हा बाबा हातपाय धुऊन सरळ मागच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. आतून पंख्यांची शिटी आली, मग कुठल्याशा लग्नाचा गलका. मी स्वयंपाकघरात गेले आणि दोघांपुरता भात लावला.